मॉडेल-साहित्याचे दुकान बंद होत आहे: ग्राहकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमचे मॉडेल-साहित्याचे छोटे दुकान यंदाच्या दिवाळीत बंद होत आहे, हे कळल्यापासून ग्राहक, शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक आणि आता परगावी असलेले जुने ग्राहक यांच्याकडून तेच ते प्रश्न येत आहेत. प्रत्येकाला फोनवर सविस्तर उत्तर देणे शक्य होत नसल्यामुळे ते येथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. दुकान खरंच बंद होतंय, की फक्त जागा बदलताय?

दुकान बंद होत आहे. नवी जागा किंवा शाखा नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळपर्यंत नेहमीप्रमाणे विक्री चालू राहील. पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत दुकान फक्त दुपारी चार ते सात या वेळेत उघडे असेल, आणि त्या काळात हिशेब मिटवणे व ग्राहकांच्या वस्तू परत देणे एवढेच काम होईल.

2. बंद का करताय? ऑनलाइनमुळे गिऱ्हाईक तुटलं का?

हा प्रश्न बहुतेक जण उत्तर गृहीत धरूनच विचारतात, आणि ते उत्तर अर्धेच खरे आहे. ऑनलाइन खरेदीमुळे रंग आणि हत्यारे यांची विक्री घटली, पण आमचे दुकान त्यांच्यावर कधीच अवलंबून नव्हते. परदेशी उत्पादकाकडून किंवा मुंबईच्या आयातदाराकडून मोठी जुडी घ्यायची, ती फोडायची आणि ज्याला जेवढे हवे तेवढेच सुटे द्यायचे, हा आमचा खरा धंदा होता. एखाद्याला बाल्साच्या, म्हणजे उडत्या मॉडेलसाठी लागणाऱ्या अतिहलक्या लाकडाच्या, दोनच पट्ट्या हव्या असतात, दुसऱ्याला रुळांच्या जोडपट्ट्यांचे एकच पाकीट. ते पाकीट त्याच्या हाती जाईपर्यंत दोन-दोन वर्षे आमच्या खणात पडून राहते आणि तेवढा काळ त्यात पैसे अडकलेले असतात.

हे अडकलेले पैसे पूर्वी परवडत असत. लघुप्रमाणातील मॉडेल, ते चालणारे असो वा नुसते शोभेचे, आयात करताना खेळण्यांच्याच वर्गात मोडते. या वर्गावरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी 2020 च्या अर्थसंकल्पात 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023 च्या अर्थसंकल्पात ते 70 टक्क्यांवर गेले. त्याच दरम्यान, 1 जानेवारी 2021 पासून, 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. लहान मुलांच्या हाती विषारी रंगाची, धारदार कडांची खेळणी जाऊ नयेत हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. मात्र आमचा माल प्रौढ छांदिष्टांसाठी आहे हे दर खेपेला कागदोपत्री दाखवणे एका माणसाच्या दुकानाला जड जाऊ लागले. बाल्साची अडचण आणखी वेगळी होती. जगातील बहुतांश बाल्सा इक्वेडोरमधून येतो, आणि 2020 च्या सुमारास पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी, विशेषतः चीनमधून, त्याला एवढी मागणी आली की मॉडेलसाठी लागणारी हलकी प्रत मिळणेच दुरापास्त झाले.

या सर्वांवर वयही आहेच, आणि पुढच्या पिढीने आपापले निराळे व्यवसाय निवडले आहेत. त्याचे आम्हाला दुःख नाही.

3. मी आगाऊ रक्कम देऊन ऑर्डर नोंदवली आहे. माल मिळणार का?

माल वाटेत असेल तर मिळेल, आणि तसे आपल्याला फोनवर कळवले जाईल. आयातदाराने मागणी अद्याप स्वीकारलेली नसेल तर आम्ही ती रद्द करून पूर्ण रक्कम परत देणार आहोत. त्या रकमेत दुसरे काही घ्यावे असा आग्रह कोणालाही केला जाणार नाही.

4. पावती हरवली आहे, किंवा आगाऊ रक्कम वडिलांच्या नावावर होती आणि ते आता नाहीत. मग काय करायचं?

आगाऊ रकमांची नोंद आमच्या वहीत तारीखवार आहे, त्यामुळे पावती नसली तरी नाव, साधारण महिना आणि मागवलेली वस्तू एवढे सांगितले तरी नोंद सापडते. ज्यांच्या नावावर रक्कम आहे ते हयात नसतील तर घरातील कोणीही ओळखपत्र घेऊन यावे. भावंडे एकापेक्षा अधिक असतील तर इतरांची संमती असल्याची चार ओळींची चिठ्ठी सोबत आणावी. रक्कम बहुधा किरकोळ असते, परंतु ती नेमकी कोणाच्या हाती द्यायची हा निर्णय आम्ही घेऊ नये, एवढ्यासाठीच ही चिठ्ठी मागितली आहे.

5. बंद होण्याआधी भरपूर साठा करून ठेवू का?

सरसकट नाही. सवलतीचा फलक पाहून पिशव्या भरणाऱ्यांना आम्ही स्वतःच थांबवत आहोत, कारण यातील बऱ्याच वस्तू टिकत नाहीत.

झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद हवेतील ओलाव्यानेच घट्ट होतो. न फोडलेली बाटली शीतकपाटात साधारण वर्षभर राहते, पण एकदा फोडलेली बाटली कोल्हापूरच्या एका पावसाळ्यातच निकामी होऊ शकते. प्लॅस्टिक किटसाठीचा पातळ गोंद म्हणजे मुळात उडून जाणारा द्राव आहे, त्यामुळे बूच जरा सैल राहिले तरी बाटली रिकामी होते. उलट दोन भागांचा इपॉक्सी वर्षानुवर्षे टिकतो; त्यातील राळ साखरेसारखी गोठली तर बाटली गरम पाण्यात ठेवावी, ती पूर्ववत होते. इनॅमल रंगाचा न फोडलेला डबाही दीर्घकाळ चांगला राहतो.

पाण्यात भिजवून लावायची चित्रपत्रे, म्हणजे डिकॅल, जुनी झाली की पिवळी पडतात आणि पाण्यात टाकताच तुकडे होतात. पिवळेपणा घालवण्यासाठी ती काही दिवस उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवून ठेवावीत, आणि भिजवण्यापूर्वी त्यांवर पारदर्शक लॅकरचा एक हात द्यावा. साठवायचेच असेल तर बाल्सा, पितळी पत्रा, रूळ आणि करवतीची पाती साठवावीत. बाल्सा मात्र भिंतीला टेकवून उभा ठेवू नये. सपाट फळीवर आडवा ठेवून वर वजन द्यावे, नाहीतर श्रावण संपेपर्यंत तो पीळ घेतो.

6. बाल्सा आता कुठे मिळणार? आणि तुमच्यासारखा निवडून कोण देणार?

मुंबई, पुणे आणि बंगळूर येथील विक्रेत्यांकडे बाल्सा मिळतो आणि ते तो कुरिअरने पाठवतात. सुटी पट्टी मागवली तर वाहतूक खर्च लाकडापेक्षा जास्त होतो, म्हणून चार-पाच जणांनी मिळून एक जुडी मागवावी आणि ती कोल्हापुरात वाटून घ्यावी. आम्ही इतकी वर्षे हेच करत होतो.

निवड करणे शिकता येते. सोन्याचांदीचे वजन करण्याचा किंवा स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा. 1.6 मिलिमीटर जाड, 75 मिलिमीटर रुंद आणि 915 मिलिमीटर लांब अशी प्रचलित मापाची पट्टी 11 ग्रॅमच्या आसपास भरली तर तिची घनता घनमीटरला सुमारे 100 किलो आहे, म्हणजे ती उत्तम हलकी पट्टी. तीच पट्टी साडेसतरा ग्रॅम भरली तर घनता सुमारे 160 किलो होते; असे लाकूड पंखाच्या मुख्य दांड्यासाठी योग्य, पण शेपटाकडे वापरल्यास विमान मागे जड होते. त्यानंतर पट्टी रुंदीच्या बाजूने हलकेच वाकवून पाहावी. जी सहज गोलाकार होते ती धडाच्या वक्र आवरणासाठी ठेवावी. जी वाकायला नकार देते आणि जिच्या पृष्ठावर माशाच्या खवल्यांसारखी चमकती नक्षी दिसते, ती पंखाच्या बरगड्यांसाठी. एकाच जुडीत हे दोन्ही प्रकार मिसळलेले असतात, आणि जुडी फोडल्यावर पहिली संध्याकाळ आम्ही केवळ या वर्गवारीत घालवत असू.

7. बाल्साऐवजी आपल्याकडचं एखादं हलकं लाकूड चालेल का?

उडणाऱ्या विमानासाठी नाही. सावर हा बाल्साच्याच कुळातील वृक्ष असला तरी त्याचे लाकूड चांगल्या बाल्साच्या तिपटीहून जड असते. सावंतवाडीची लाकडी खेळणी ज्या पांगाऱ्यापासून करण्याची परंपरा आहे, तो त्या मानाने हलका आहे आणि कोरायला मऊ आहे. जहाजाचा सांगाडा, इमारतीचा साचा किंवा शोभेचे विमान यांसाठी तो आम्हाला बाल्सापेक्षाही बरा वाटतो, कारण त्यावर नखाचा व्रण उमटत नाही. देखाव्यातील गवतासाठी परदेशी चुरा घेण्याची गरजच नाही: टिंबर मार्केटमधील वखारीतून बारीक भुसा आणावा, दोनदा चाळावा, कापडाच्या रंगात भिजवून सावलीत वाळवावा.

8. पितळी पत्रा, बारीक करवत, चाकं कातून घेणं, हे सगळं तुमच्याशिवाय कुठे होणार?

याबाबतीत कोल्हापूरकरांनी चिंता करू नये. खरे तर आमच्याकडील हत्यारांपैकी अर्धी गुजरी या सराफ पेठेतूनच येत असत. सोनारकामाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत बारीक करवतीची पाती जुडीने मिळतात, तसेच सुईसारख्या कानशींचा संच, चिमटे आणि टाकणखारही मिळतो. पाते बसवताना दात मुठीकडे, म्हणजे खाली, असावेत. ओढताना कापले पाहिजे. जहाजाच्या नांगराची साखळी हवी असेल तर हुपरीच्या कारागिरांकडे चौकशी करावी. चांदीच्या दागिन्यांसाठी ते जी बारीक साखळी करतात, तिच्या जवळपासची साखळीही आयात केलेल्या पाकिटांत क्वचितच मिळते.

कातकामासाठी शिवाजी उद्यमनगर आहे. तेथील लहान कारखान्यांत चार पितळी चाके कातून मिळतात, मात्र दोन पथ्ये पाळावीत. नमुना म्हणून मोडके चाक पुढे करू नये. मिलिमीटरमध्ये मापे लिहिलेला आराखडा द्यावा आणि कोणते माप तंतोतंत हवे त्याभोवती वर्तुळ काढावे. दुसरे असे, की तातडीचे काम म्हणून जाऊ नये. ओतकामाचे सुटे भाग हे त्यांचे पोटापाण्याचे काम आहे आणि आपली चाके त्यांच्या फावल्या वेळातली आहेत.

जहाजाचे धड किंवा इंजिनाचे नाक लाकडात कोरून घ्यायचे असल्यास फाउंड्रीसाठी साचे करणाऱ्या पॅटर्न मेकरइतका अचूक हात दुसरा नाही. त्याला हे ओतकामासाठी नाही, असे आधीच स्पष्ट सांगावे. ओतलेले लोखंड थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न मेकर सवयीनेच मापात सुमारे एक टक्का वाढ धरतो, आणि त्यामुळे 300 मिलिमीटरचे धड 303 होऊन घरी येते.

9. माझ्या रेल्वेचे रूळ तुमच्याकडचेच आहेत. पुढे दुसऱ्या कंपनीचे जोडले तर चालतील का?

रुळांमधील अंतर सारखे असणे पुरेसे नाही. एचओ आणि ओओ या मॉडेल-रेल्वेच्या दोन्ही मापांत ते 16.5 मिलिमीटर असते, पण रुळाची उंची वेगवेगळी असू शकते. पाकिटावर कोड 100 असेल तर उंची 2.54 मिलिमीटर, कोड 83 असेल तर सुमारे 2.1 मिलिमीटर. आम्ही दिलेले रूळ बहुतेक कोड 100 आहेत. खात्रीसाठी व्हर्निअरने मापावे. दोन उंचींच्या रुळांमध्ये संक्रमणाची खास जोडपट्टी लागते.

10. 16.5 मिलिमीटरचा रूळ आपल्या ब्रॉडगेजसाठी अरुंद दिसतो. रुंद रूळ मिळतो का?

तो अरुंद आहेच. 16.5 मिलिमीटर हे युरोप-अमेरिकेतील 1435 मिलिमीटर मार्गाचे एचओ रूप आहे. आपला 1676 मिलिमीटरचा मार्ग एचओच्या 1:87 प्रमाणात सुमारे 19.3 मिलिमीटर होतो, आणि असा तयार रूळ आम्ही कधीच विकलेला नाही. अट्टल मंडळी लाकडी पट्ट्यांवर स्वतः रूळ बसवतात आणि प्रत्येक डब्याचे आस लांब करून घेतात. हा खटाटोप टाळायचा असेल तर 1891 मध्ये सुरू झालेला जुना कोल्हापूर–मिरज मार्ग करावा. तो मीटरगेज होता, आणि मीटरगेजला 12 मिलिमीटरचा तयार रूळ चालतो. पूर्वी मिरजेहून सुटणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेचा 762 मिलिमीटर मार्ग 9 मिलिमीटरच्या रुळावर बसतो. तोही देखणा विषय आहे आणि त्याला जागा कमी लागते.

11. तुमच्याकडून घेतलेला जपानी पॉवर पॅक थेट प्लगमध्ये लावू का?

लावू नये. मॉडेल-रेल्वेला वीज पुरवणारा हा पॅक 100 व्होल्टचा आहे आणि आपल्या घरातील वीज 230 व्होल्टची. आम्ही दिलेला स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर हरवला असेल तर त्याच क्षमतेचा दुसरा घ्यावा. केवळ पिनेचा आकार बदलणारा अॅडॉप्टर व्होल्टेज कमी करत नाही.

12. परदेशातल्या भावाने किट भेट म्हणून पाठवलं तर ड्युटी वाचेल का?

वाचणार नाही. डिसेंबर 2019 पासून टपाल किंवा कुरिअरने येणाऱ्या वस्तू भेट म्हणून शुल्कमुक्त सोडवून घेता येत नाहीत. जीवरक्षक औषधे आणि राखी एवढेच अपवाद आहेत, आणि राखीसोबतच्या भेटवस्तूही त्यात येत नाहीत. पूर्ण शुल्क भरून मात्र भेट घेता येते. प्रश्न 2 मध्ये दिलेले दर पाहता, अशा वेळी भावाला किटऐवजी डिकॅल पाठवायला सांगणे शहाणपणाचे. तयार ड्रोनची गोष्ट वेगळी आहे: फेब्रुवारी 2022 पासून त्याची आयातच बंद आहे, सुट्या भागांवर ती बंदी नाही.

13. मुलाचं रिमोटचं विमान उडवायला परवाना लागतो का?

ड्रोन नियम 2021 नुसार 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो वर्गासाठी, तसेच 2 किलोपर्यंतचे मायक्रो वर्गातील यंत्र व्यवसायासाठी वापरले जात नसेल तर, चालकाचा परवाना लागत नाही. जागेचे बंधन मात्र उरतेच. उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागूनच असल्यामुळे कोल्हापूरचा बराच भाग विमानतळाभोवतालच्या निर्बंधाच्या कक्षेत येतो, म्हणून मैदान ठरवण्यापूर्वी डिजिटल स्काय या शासकीय मंचावरील नकाशा पाहावा.

14. रिमोटच्या विमानाची फुगलेली लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी तुम्ही परत घेत होता. आता ती कुठे टाकू?

तुळशीच्या लग्नापर्यंत आम्ही ती घेऊ. त्यानंतर ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावी. घंटागाडीत टाकू नये, कारण गाडीत दाबली गेल्यास ती पेट घेते. चांगल्या बॅटऱ्या बराच काळ वापरायच्या नसतील तर पूर्ण भरलेल्या ठेवू नयेत, प्रत्येक सेलला 3.8 व्होल्ट एवढ्यावर ठेवाव्यात.

15. मॉडेल-विमानाच्या इंजिनाचं इंधन शिल्लक आहे का? शेवटचे दोन कॅन ठेवाल का?

शिल्लक आहे, पण ते राखून ठेवले जाणार नाही आणि कुरिअरनेही पाठवले जाणार नाही. या इंधनात मुख्यतः मेथॅनॉल असते, जे घोटभरही पोटात गेल्यास दृष्टी किंवा जीव जाऊ शकतो. जे ओळखीचे ग्राहक स्वतः मूळ कॅनमधून नेतील त्यांनाच ते मिळेल. पाण्याच्या बाटलीत ओतून मागणाऱ्यांना नकार मिळेल, मग ते कितीही जुने ग्राहक असोत.

16. कॉलेजसाठी साहित्य नेतो, पण मंजुरी मार्चमध्ये येते. बिल तेव्हाच्या तारखेचं द्याल का?

नाही. आमची जीएसटी नोंदणी रद्द झाल्यानंतर आम्हाला कर बीजक देता येणार नाही, आणि पुढची तारीख घालून आधीच बिल देणेही नियमात बसत नाही. विभागप्रमुखांनी दिवाळीपूर्वीच मंजुरी घ्यावी.

17. वडिलांचा मॉडेलचा संग्रह तुम्ही विकत घ्याल का?

आता नवीन खरेदी बंद आहे. मात्र संग्रह दुकानात आणल्यास काय ठेवण्यासारखे आहे ते आम्ही विनामूल्य सांगू. तोपर्यंत पेट्या, सूचनापत्रके आणि डिकॅल फेकू नयेत, धूळ ओल्या फडक्याने पुसू नये, आणि पितळी इंजिने वजनावर भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नयेत.

18. सवलतीच्या खणात पुरात भिजलेला माल आहे, असं ऐकलं. खरं आहे का?

काही अंशी खरे आहे. शाहूपुरीतील आमच्या गोदामात 2019 च्या पुराचे पाणी शिरले होते. तेव्हा भिजलेले लाकूड, कागद आणि डिकॅल लगेच टाकून दिले होते. प्लॅस्टिकचे सुटे भाग आणि धातूचे साहित्य धुऊन ठेवले होते. तेच आता हिरव्या ठिपक्याच्या पाकिटांत आहे. प्लॅस्टिकला त्याने काही झालेले नाही. पोलादी आसांवर गंज असू शकतो, म्हणून ती पाकिटे उघडून पाहिल्याशिवाय कोणी नेऊ नयेत.

19. हे दुकान मी चालवायला घेऊ का?

अशी विचारणा चार-सहा तरुणांनी केली आहे आणि आम्ही प्रत्येकाला तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या दाखवल्या आहेत. वह्या पाहिल्यानंतर एक जण पुन्हा आला. त्याला संपूर्ण दुकान नको आहे. केवळ बाल्सा आणि रूळ घरून, जुडी फोडून विकायचे आहेत. आयातदाराशी त्याची गाठ घालून दिली आहे. त्याचे ठरले की त्याची संमती घेऊन फोन क्रमांक दुकानाच्या दारावर लावला जाईल.

20. दुरुस्तीला दिलेलं मॉडेल न्यायला जमलं नाही तर?

पाडव्यापूर्वी फोन करून कळवल्यास ते घरी ठेवून घेऊ. काही मॉडेलवरील चिठ्ठ्या गळून पडल्या आहेत: एक करडे स्पिटफायर लढाऊ विमान, शिडे नसलेले एक गलबत आणि डावीकडची शिडी तुटलेले एक डिझेल इंजिन. ती आपली असतील तर एखादा जुना फोटो किंवा तुटलेला भाग घेऊन यावे.